ताश्कंदच्या सहीचं पान

१

लाल फाइलच्या फिती सोडता सोडताच बाल्झान ओस्पानकुलोवाच्या लक्षात आलं, की ही गाठ आपल्या कार्यालयातल्या कुणी मारलेली नाही.

बुधवारची सकाळ होती, मार्चची सहा तारीख. बाल्झानचा एक गाल अजून सुजलेला होता. काल दुपारभर ती दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून पडली होती, आणि नेमक्या त्याच दुपारी अल्माटी कार्यालयाच्या तीस वर्षांतली सगळ्यात मोठी सही झाली होती. थॉर्नबरी लाइल या लंडनच्या कायदा फर्मने चौतीस शहरांत पाट्या लावल्या होत्या. पस्तिसावं शहर होतं ताश्कंद. तिथली ‘निझोमोव आणि भागीदार’ ही जुनी, नावाजलेली फर्म अख्खीच्या अख्खी सामावून घ्यायची, असा करार झाला होता. ताश्कंदहून पाच भागीदार आले, त्यांनी पाच स्वतंत्र पानांवर सह्या केल्या. आता लंडनच्या सह्या लागल्या की उद्या, गुरुवारी दुपारी बारा वाजता, दोन्ही बाजूंनी करार पूर्ण झाल्याचं जाहीर करायचं. बारा ओलांडले तर लंडनच्या भागीदारांनी दिलेली मंजुरी रद्द होणार होती आणि पुन्हा मतदान थेट शरदात.

बाल्झानने पानं मोजली. चार. पुन्हा मोजली, चष्मा पुसून मोजली. चारच.

नसलेलं पान मुझफ्फर निझोमोव यांचं होतं. ज्यांच्या नावाची फर्म, त्यांचंच.

ती ओरडली नाही. वकिलांच्या कागदांची राखण करण्याआधी अकरा वर्षं तिने सरकारी प्रयोगशाळेत खोट्या सह्या पकडल्या होत्या, आणि तिथे पहिला नियम एकच होता : आधी बघायचं, मग बोलायचं. तिने फिती बघितल्या. आजकालची पोरं फाइलला बुटाच्या नाडीसारखी गाठ मारतात, वर फुगीर फुलपाखरू. ही गाठ सपाट होती, कागदावर कागद ठेवला तरी उंचवटा येऊ नये अशी. जुन्या न्यायालयांतले कारकून अशी गाठ मारत. ती शिकलेली माणसं आता साठीच्या अलीकडे सापडत नाहीत.

मग ती डंकन मॅकफेलच्या खोलीत गेली. डंकन हा अल्माटी कार्यालयाचा प्रमुख, स्कॉटलंडचा, चौऱ्याण्णव साली एक सुटकेस घेऊन आला तो इथलाच झाला. बाल्झान त्याची पहिली नोकरदार. तेव्हा दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायची. ती भाषांतर करायची आणि कागद सांभाळायची, तो टंकन करायचा.

“डंकन, तुमचा चहा खाली ठेवा.”

“का?”

“सांडेल म्हणून.”

त्याने ऐकलं नाही. चहा सांडला.

लंडनहून आलेली जिलियन फार्थिंग तिथेच बसली होती. नवी कार्यालयं जोडणं हेच तिचं काम. एका वर्षातलं हे तिचं चौथं विलीनीकरण. उंच, घाईतली, पण मनाने सरळ बाई.

“सोपं आहे,” ती म्हणाली. “श्री. निझोमोव हॉटेलात आहेत ना? दुसऱ्या पानावर सही घ्या.”

“आणि त्यांना सांगू काय?” डंकन विजारीवरचा चहा पुसत म्हणाला. “की तुमची सही आम्हाला एक रात्र सांभाळता आली नाही, पण तुमची फर्म सांभाळू?”

तरी त्याने फोन लावला. मुझफ्फर यांचा पुतण्या आणि भागीदार शेरझोद फोनवर आला. काकांना बरं वाटत नाही, म्हणाला. सकाळपासून दार लावून बसलेत, आज कुणालाच भेटणार नाहीत.

जिलियनने ओठ आवळले. “कुठल्याही मजकुराखाली चिकटवता येईल असं सहीचं पान बाहेर फिरतंय. आधी मला कळायला हवं, ते घेतलं कुणी. कागदांच्या खोलीत कार्डाशिवाय जाता येत नाही, बरोबर?”

“बरोबर.”

“मग दार सांगेल.”

२

दाराने खरंच सांगितलं. खालच्या पहारेकऱ्याने, सापार-आगाने, दारावरच्या यंत्राची यादी छापून आणून दिली. मंगळवारी सही संपल्यापासून फक्त तीन नोंदी होत्या. पहिली खेगाई, पाच चाळीस. दुसरी सार्सेम्बिना, सात वाजून पाच. आणि तिसरी बाल्झानची स्वतःची, आज सकाळची. स्वतःच्या नावावरून तिची नजर तशीच पुढे सरकली. आपण खोलीत गेलो हे आपल्याला ठाऊकच असतं.

सापार-आगाने आपली वहीही आणली होती. “पाहुणे सव्वासहाला गेले, जेवायला. सगळे एकदम. मी स्वतः दार धरलं. त्यानंतर वर कोण होतं म्हणाल तर फक्त झाडूवाली, आणि तिच्याकडे कार्ड नाही.”

आधी बोलावलं तिमोफेइ खेगाईला. तिशीतला हुशार वकील, कोरियन वंशाचा, करारातलं एखादं कलम विचारलं तर पाठ म्हणून दाखवायचा.

“सही साडेचारला संपली,” तो म्हणाला. “मी फाइल बांधली, उचलली, थेट खोलीत ठेवली. दहा मिनिटंसुद्धा गेली नसतील.”

“दार म्हणतं पाच चाळीस,” जिलियन म्हणाली.

“मग दार चुकतंय.”

“दारं चुकत नाहीत, श्री. खेगाई. तासभर ती फाइल कुठे होती? तुमची बहीण समोरच्या प्रतिस्पर्धी फर्ममध्ये आहे, असं ऐकलं.”

तिमोफेइ कानापर्यंत लाल झाला. “माझ्या बहिणीला द्यायचं असतं तर मी अख्खा करार तोंडपाठ म्हणून दाखवला असता! पान कशाला चोरू?”

हे मात्र खरं होतं. बाल्झानला हसू आलं, पण गाल दुखला म्हणून तिने ते आवरलं. “गाठ कशी मारलीस रे?”

“कसली गाठ?”

“फाइलची. मारून दाखव.”

त्याने मारली. फुलपाखरू.

मग आली तोगझान सार्सेम्बिना. सोळा वर्षं इथे, सगळ्यात तल्लख वकील आणि तेवढीच तोंडाळ. मध्य आशियाची सूत्रं आपल्याकडे येणार अशी तिची खात्री होती. या विलीनीकरणाने ती सूत्रं शेरझोदकडे जाणार होती. गेल्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर, समोसा खाता खाता जाहीर केलं होतं : हा करार माझ्या हाती लागला तर मी त्याच्या पिशव्या करून त्यात सूर्यफुलाच्या बिया विकेन.

“काल सात वाजून पाच मिनिटांनी तुम्ही कागदांच्या खोलीत काय करत होता?” जिलियनने विचारलं.

“सातला? सातला मी मुझफ्फर-अकांच्या शेजारी बसून पुलाव वाढत होते. वीस जणांनी बघितलंय. तुम्हीही बघितलंय, तुमच्याच ताटात वाढला.”

“तुमचं कार्ड इथे होतं.”

“माझं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं.”

“मग ते कुणाला दिलं होतंत?”

तोगझानने आळीपाळीने तिघांकडे बघितलं. शेवटी बाल्झानकडे. तिथे ती जरा जास्त वेळ थांबली.

“आपाई, तुम्हालाही असंच वाटतंय?”

“मी अजून विचार करतेय, पोरी.”

“करा. सावकाश करा.” तिने गळ्यातलं कार्ड काढलं आणि टेबलावर आपटलं. “सोळा वर्षं मी या फर्मसाठी शब्दाशब्दाला भांडले. आता कार्डाचा हिशेब देत बसणार नाही. राजीनामा लिहायला मला पाच मिनिटं लागतात, आणि तो तुमच्या इंग्रजीपेक्षा चांगल्या इंग्रजीत असेल!”

दार असं आपटलं की भिंतीवरची, कझाक कायद्याचं पान लावलेली चौकट तिरकी झाली.

“म्हणजे तीच,” जिलियन म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद नव्हता.

३

बाल्झान बाहेरच्या दालनात येऊन बसली. शुक्रवारच्या महिला दिनासाठी ट्यूलिपची फुलं कालच येऊन पडली होती. बादल्या बादल्या भरून. कोट टांगायच्या स्टँडखाली, खुर्च्यांखाली, जिथे जागा मिळेल तिथे. कुणाला बसायचं तर आधी फुलं हलवायची. तिने एक बादली पायाने सरकवली आणि यादी मांडीवर घेतली.

समोरच्या भिंतीवर घड्याळांची रांग होती. जिथे फर्मचं मोठं कार्यालय निघालं तिथलं एक घड्याळ लागायचं. लंडन, न्यूयॉर्क, वॉर्सा, सिंगापूर, मधोमध अल्माटी आणि सोमवारी नव्याने टांगलेलं ताश्कंद. अल्माटी आणि ताश्कंद यांचे काटे अगदी एकासारखे एक होते. पंधरा दिवसांपूर्वी असे नसते. तेव्हा अल्माटी तासभर पुढे असायचं. मार्चच्या एक तारखेला सरकारने सगळ्या देशाचं घड्याळ एक केलं आणि अल्माटी एक तास मागे आली. काल डंकनने भाषणात यावरच विनोद केला होता म्हणे, की नवरानवरीची घड्याळं जुळलीत, आता पत्रिका कशाला बघायची.

अल्माटीच्या घड्याळात नऊ चाळीस झाले होते.

बाल्झानने यादीकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मग पुन्हा यादीकडे, शेवटच्या ओळीकडे, जी तिची वाचायची राहिली होती.

ओस्पानकुलोवा, बाल्झान. बुधवार. नऊ पन्नास.

“म्हणजे मी अजून दहा मिनिटांनी खोलीत शिरणार आहे,” ती स्वतःशीच म्हणाली, “आणि पान हरवलंय हे मला तेव्हा कळणार आहे.”

यावेळी गाल दुखला तरी ती हसली. मोठ्याने हसली. सापार-आगा धावत आला.

“आपाई, बरं आहे ना? दाताचं औषध डोक्यात गेलं का?”

“सापार-आगा, एक तारखेला घड्याळं कुणी बदलली?”

“भिंतीवरची मी. शिडीवर चढून. फोन आपोआप बदलले.”

“आणि दारावरचं यंत्र?”

सापार-आगाने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. “त्याला कुणी सांगितलंच नाही की हो!”

यंत्र अजून जुन्याच वेळेत जगत होतं. यादीतली प्रत्येक नोंद तासभर पुढची होती. बाल्झान आली नऊ पन्नासला नव्हे, आठ पन्नासला. तिमोफेइने फाइल ठेवली चार चाळीसला, अगदी तो म्हणाला तशीच, सही संपल्यावर दहा मिनिटांत. आणि तोगझानचं कार्ड लागलं ते सात वाजून पाचला नव्हे. सहा वाजून पाचला, पाहुणे अजून याच दालनात कोट घालत असताना.

तोगझान आपल्या खोलीत खरंच राजीनामा लिहीत होती. दुसरा परिच्छेद चालू होता आणि चांगला रंगला होता. बाल्झानने तिच्या हातातली लेखणीच काढून घेतली.

“हे नंतर लिही. सहा वाजून पाच मिनिटांनी त्या खोलीत कुणासाठी गेली होतीस?”

४

“टोपीसाठी,” तोगझान गोंधळून म्हणाली. “मुझफ्फर-अकांच्या. स्टँडजवळ सगळीकडे फुलं, म्हणून आम्ही पाहुण्यांचे कोट आणि टोप्या कागदांच्या खोलीतच ठेवल्या होत्या ना. कोट आधीच बाहेर आणले होते, दार तेव्हा उघडंच होतं, तिमोफेइ फाइल ठेवत होता. टोपी राहिली. मी म्हटलं, आणते. ते म्हणाले, ‘नको, म्हाताऱ्याची टोपी म्हाताऱ्यालाच सापडते, तू फक्त दार उघड.’ मी उघडलं. तेवढ्यात लिफ्ट आली, मी ती धरून ठेवली.”

“किती वेळ?”

“दोन मिनिटं. तीन. मला तर वाटलं, टोपी सापडत नसेल.” मग तिचे डोळे मोठे झाले. “आपाई! नाही हो! स्वतःचंच पान?”

बाल्झानच्या डोळ्यांपुढे ती सपाट गाठ होती. मुझफ्फर निझोमोव वकील होण्याआधी ताश्कंदच्या न्यायालयात कारकून होते, हे डंकनने सांगितलेलं तिला आठवलं. हात पटला. वेळ पटली. पण का, ते पटत नव्हतं. स्वखुशीने केलेली सही माणूस दीड तासात परत का घेईल?

“कालचं सगळं सांग. सही झाल्यावर. काय खाल्लं, कोण काय बोललं.”

“काही विशेष नाही. चहा, तळलेले बाउरसाक, भाषणं. मग जिलियनने पेनं दिली. लंडनहून आणलेली, एका डब्यात, फर्मचं नाव कोरलेली. म्हणाली, ताश्कंदच्या आमच्या अकरा नव्या सहकाऱ्यांसाठी.”

“अकरा?”

“अकरा. मुझफ्फर-अकांनी विचारलंसुद्धा, ‘बाकीची मागून येतायत का?’ ती हसली, म्हणाली, ‘नाही, अकराच.’ त्यांनी डबा घेतला, आभार मानले.” तोगझान थांबली. “आणि डबा इथेच विसरले. तो बघा, कपाटावर. मी आज पाठवणार होते.”

डब्याचं वेष्टनही काढलेलं नव्हतं.

बाल्झान पुन्हा फाइलकडे गेली. यावेळी तिने सहीची पानं नाही, करार वाचला. आधी इंग्रजी, मग त्याला जोडलेलं रशियन भाषांतर. हे भाषांतर तिचं नव्हतं. ते लंडनने बाहेरच्या कुठल्या संस्थेकडून करून घेतलं होतं, आणि दोन महिने ही गोष्ट तिला सलत होती. सत्ताविसावं कलम. रशियनमध्ये : ‘ताश्कंद कार्यालयातले सर्व कर्मचारी नव्या फर्ममध्ये सामावून घेतले जातील.’ इंग्रजीत एकच शब्द निराळा होता. कर्मचारी नव्हे. वकील.

आणि शेवटी बारीक अक्षरांत : दोन्हींत फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य.

“कोट आण,” ती तोगझानला म्हणाली. “हॉटेलात जायचंय.”

“ते कुणालाच भेटणार नाहीत म्हणे.”

“वकिलांना नसतील भेटणार.”

५

मुझफ्फर निझोमोव आजारी अजिबात नव्हते. पूर्ण पोशाखात, बूट घालून, खिडकीशी बसून ते बर्फाचे डोंगर बघत होते. वय एकोणऐंशी, पाठ ताठ. दोघींना बघून त्यांनी आधी चहा ओतला. पाहुणा आरोप करायला आला असला तरी त्याला चहा द्यायचाच, अशा घरातला तो माणूस.

“बाल्झान-खोनिम ना? काल तुम्ही नव्हतात. तुम्ही असता तर ही वेळ आली नसती.”

“दात काढायला गेले होते, मुझफ्फर-अका.”

“माझेही काल पडले,” ते म्हणाले. “सगळ्यांसमोर. फक्त कुणाला दिसले नाहीत.”

त्यांनी करड्या लोकरीची टोपी उचलली, अस्तरात बोट घातलं आणि चौघडी घातलेलं पान काढून चहाशेजारी ठेवलं.

“मला इंग्रजी येतं,” ते सावकाश बोलू लागले. “सावकाश येतं. त्रेसष्ट पानं वाचायला मला एक दिवस लागला असता. शेरझोद म्हणाला, काका, रशियन वाचा, तेच आहे. मी रशियन वाचलं आणि इंग्रजीवर सही केली. पन्नास वर्षं मी अशिलांना सांगत आलो, न वाचता सही करू नका. आणि मग त्या बाईंनी अकरा पेनं काढली.”

“आणि तुमच्याकडे माणसं किती?”

“एकोणीस. अकरा वकील. बाकीची आठ माणसं, ज्यांच्या जिवावर ते अकरा वकील मिरवतात.”

तोगझानने न राहवून विचारलं, “मग तिथेच का नाही बोललात? मी असते तर टेबल डोक्यावर घेतलं असतं.”

“तू घेतलं असतंस, पोरी, म्हणून तर तू मला आवडलीस. पण माझ्या चारही तरुण भागीदारांनी या सहीसाठी दोन वर्षं घाम गाळलाय. त्यांच्या आनंदात, परक्या घरी, माझ्या मूर्खपणाचा पाढा वाचू? म्हटलं, एक दिवस मिळवू. शांतपणे इंग्रजी वाचू. कदाचित माझीच समजूत चुकली असेल.” त्यांनी टेबलावरच्या प्रतीकडे बोट दाखवलं. शब्दकोश उघडा पडला होता. “समजूत चुकली नव्हती. आता मला लाज वाटतेय. करारातल्या गोष्टीची कमी, दार उघडून देणाऱ्या मुलीला फसवलं त्याची जास्त.”

तोगझान आजच जवळजवळ नोकरीला मुकली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाल्झानने सांगितलं. साध्या शब्दांत, काही न लपवता.

म्हातारा उठून उभा राहिला. त्याने टोपी घातली.

“चला,” तो म्हणाला. “हे मलाच सांगायला हवं.”

६

बैठकीच्या खोलीत सगळे जमले होते : डंकन, जिलियन, तिमोफेइ, ताश्कंदचे चार भागीदार. शेरझोद काकांना बघून खुर्चीतून अर्धवट उठला तो तसाच राहिला.

बाल्झानने यादी टेबलावर ठेवली आणि आधी घड्याळ समजावून सांगितलं. नऊ पन्नासची गोष्ट आली तेव्हा डंकन खदखदून हसला. तिमोफेइने जिलियनकडे बघितलं आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, “दारं चुकत नाहीत, नाही का?”

“माफ करा,” जिलियन म्हणाली. लगेच, आडवळण न घेता. मग तोगझानकडे वळली. “तुमचीही माफी मागते.”

“लेखी द्या,” तोगझान म्हणाली. “मी इंग्रजी तपासून देईन.”

मग मुझफ्फर-अका बोलले. दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि पान टेबलाच्या मधोमध ठेवलं.

जिलियनने पानाकडे बोट दाखवलं. “पण ही तर... आमच्या खोलीतून कागद नेणं म्हणजे चोरी...”

“नाही,” तिमोफेइ म्हणाला. तो या क्षणाची वाट बघत असल्यासारखा बसला होता. “कलम एकेचाळीस, पोटकलम तीन. करार पूर्ण झाल्याचं दोन्ही बाजूंनी जाहीर करेपर्यंत सहीचं प्रत्येक पान सही करणाऱ्याच्याच मालकीचं. मुझफ्फर-अका त्यांची टोपी घ्यायला गेले आणि त्यांचंच पान घेऊन आले. दोन्ही वस्तू त्यांच्याच.”

ताश्कंदच्या चौघांपैकी कुणीतरी टाळी वाजवली.

“राहता राहिलं कलम सत्तावीस,” बाल्झान म्हणाली आणि तिने दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवले. शेरझोदने ते वाचले. त्याचा चेहरा उतरला. त्यालाही ठाऊक नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

जिलियनने कपाळ चोळलं. “यात फसवणूक नव्हती. आम्ही असंच करतो. टंकन, कागदपत्रं, भाषांतर, सगळं वॉर्साच्या केंद्रातून होतं. प्रत्येक शहरात तसंच.”

“वॉर्साला ताश्कंदच्या नोंदणी कार्यालयातला कारकून दुपारी तीननंतर शिक्का मारत नाही, हे ठाऊक आहे?” तोगझानने विचारलं. “निझोमोवांच्या झुलैखोला ठाऊक आहे. गेल्या वर्षी आपलं अख्खं प्रकरण तिनेच वाचवलं, आणि तेव्हा ती आपली नव्हतीसुद्धा.”

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. करार फाडायला निघालेली बाई करार वाचवत होती.

“असं काय बघताय?” ती म्हणाली. “मला शेरझोद नकोय. ती आठ माणसं हवीत.”

डंकनने टेबलावर हात ठेवले. “जिलियन, मी इथे आलो तेव्हा या देशाचे कायदे दर महिन्याला बदलत होते आणि मला भाकरी कुठे मिळते तेही ठाऊक नव्हतं. मी वकील होतो, आणि माझा काडीचा उपयोग नव्हता. हे कार्यालय उभं राहिलं ते समोर बसलेल्या या बाईमुळे. ती वकील नाही. या कलमाप्रमाणे तिलाही आपण घेतलं नसतं.”

जिलियनने फोन उचलला. लंडनमध्ये सकाळ होत होती. ती बाहेर गेली, काचेपलीकडे ट्यूलिपच्या बादल्यांमधून येरझाऱ्या घालत बोलत राहिली. एकदा तिचा आवाज चढला. एकदा ती चक्क पाय आपटून बोलली. पस्तीस मिनिटांनी आत आली तेव्हा तिच्या बुटांना पाणी लागलं होतं.

“एकोणीस,” ती म्हणाली. “पण नवं कलम आणि नवं भाषांतर उद्या अकराला तयार हवं. कोण करेल?”

बाल्झानने सुजलेला गाल हाताने दाबला. “दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतंत तर आज मी घरी झोपले असते,” ती म्हणाली. “करते. पण ‘कर्मचारी’ हा शब्द मी वापरणार नाही.”

“मग?”

“नावं घालेन. शब्दाचे दोन अर्थ निघतात, नावाचा एकच निघतो.”

७

गुरुवारी अकराला मुझफ्फर-अकांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि करार इंग्रजीत वाचायला घेतला. रात्रीच्या झोपेने ते ताजेतवाने झाले होते. त्यांनी हॉटेलात आदल्या दिवशीच सव्वीस कलमं संपवली होती. उरलेली ते मोठ्याने वाचत होते, ओळीवर बोट ठेवून, आणि त्यांना थांबवायची कुणाचीही छाती नव्हती.

कलम सत्तावीस आलं तेव्हा अकरा चाळीस झाले होते. त्यांनी नावं वाचली. अकरा वकिलांची भरभर. मग सावकाश : झुलैखो, टंकन. नादेझ्दा पेत्रोव्ना, भाषांतर. बोतिर, गाडी. एकेका नावाशी ते मान हलवत होते, जणू ती माणसं दारातून आत येऊन बसत होती.

शेवटच्या नावाशी बोट थांबलं.

“उमिदा. चहा आणि स्वयंपाकघर. हिचं आडनाव चुकलंय.”

अकरा पन्नास. जिलियनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “एका अक्षराने फरक पडेल का?”

“तिला पडेल,” म्हातारा म्हणाला.

बाल्झानने शेरझोदकडे बघितलं. त्याने आडनाव सांगितलं होतं, फोनवरून, घाईत. तिने अक्षर दुरुस्त केलं, शेजारी आपली आद्याक्षरं घातली, जिलियनने घातली, मुझफ्फर-अकांनी घातली. उरलेली कलमं त्यांनी श्वास न घेता वाचून काढली. तिमोफेइने नवं पान पुढे केलं. अकरा सत्तावन्नला सही झाली, निळ्या शाईत, ठाशीव. बाराला दोन मिनिटं कमी असताना डंकनने लंडनला आणि शेरझोदने ताश्कंदला करार पूर्ण झाल्याचं कळवलं. चार तरुण भागीदार एकमेकांच्या पाठीवर थापा मारत उठले. तोगझान तिमोफेइला सांगत होती, राजीनाम्याचे दोन परिच्छेद जपून ठेवलेत, भाषा फार छान उतरलीय, फाडायला जीव होत नाही.

मुझफ्फर-अका मात्र खिडकीशी गेले होते. त्यांनी फोन कानापासून चार बोटं लांब धरला होता, त्यामुळे पलीकडचा बाईचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

“उमिदा, ऐक. तुझं नाव लंडनच्या करारात आलंय... अगं नाही, तू काही केलेलं नाहीस... नाही, कुठे सही करायची नाही, आणि सांगितलं तरी वाचल्याशिवाय करू नकोस... आडनावासकट. बरोबर अक्षरांत, मी स्वतः बघितलंय.”

पलीकडून हुंदका ऐकू आला. म्हातारा अगदी रोजच्या सुरात म्हणाला, “बरं, रडू नकोस. संध्याकाळच्या विमानाने येतोय. चहाला आधण ठेव.”